मोकळ्या घरातल्या महालक्ष्म्या

घरात काहीही नसावं यासाठी भरपूर खर्च करावा लागतो, हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. ती पुण्यात इंटिरिअर डिझायनर होती. माझ्या निवृत्तीनंतर लातूरला आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा त्याचं आतलं सगळं तिनं स्वतःकडे घेतलं. 'मिनिमल' हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला. मी म्हणालो, "अगं, आम्ही जन्मभर मिनिमलच होतो. पगारच तेवढा होता." त्यावर ती म्हणाली, "पप्पा, तुमची ओढाताण होती. आणि ओढाताणीच्या घरात सामान सगळ्यात जास्त असतं. काही टाकायची हिंमतच होत नाही."

मला राग आला. मला राग लवकर येतो; नांदेडच्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवण्यात हयात गेली, त्याचा हा प्रसाद आहे. पण राग ओसरल्यावर मी आमच्या नांदेडच्या भाड्याच्या घराकडे नीट पाहिलं. तीन खोल्या होत्या. समोरच्या खोलीत काचेचं शोकेस, त्यात सत्कारांत मिळालेली सन्मानचिन्हं, मान हलवणारी बाहुली, कापडी गुलाब. भिंतीवर तीन घड्याळं, त्यांतलं एकच चालू. लोक लग्नात घड्याळ देतात, बारशाला देतात, वास्तुशांतीला तर हमखास देतात. जणू मास्तरांच्या जातीला वेळच कळत नाही. दारामागं पिशव्यांनी भरलेली पिशवी. माळ्यावर हंडे, कळश्या, नावं घातलेले स्टीलचे डबे, आणि रिकाम्या बरण्या, त्यांच्या आत आणखी रिकाम्या बरण्या. यातलं काही टाकायचं म्हटलं की बायको म्हणायची, "राहू द्या. लागतंय कवातरी." आमची मुलगी या सगळ्यात ज्वारीच्या कोठीला पाय लावून झोपत मोठी झाली. तिला मोकळ्या भिंती का हव्या होत्या, हे समजायला गणिताचा मास्तर लागत नाही.

लातूरच्या घराची तिची एकेक तऱ्हा ऐकून नातेवाइकांची करमणूक झाली. हॉलमध्ये तिनं शहाबादी फरशी घातली. माझा धाकटा भाऊ जळकोटला शेती करतो, तो बघायला आला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "दादा, न्हाणीतली फरशी बैठकीत? टाइल्स परवडंना झाल्या का काय?" शोकेस नाही. भिंतीत कोनाडा नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांना मुठी नाहीत; पांढरं दार नुसतं दाबलं की आपोआप उघडणार. एका गोष्टीत मात्र तिनं मला हरवलं. मी खोचकपणे विचारलं होतं, की लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते काय तुझ्या मोकळ्या भिंतींवर साठवायचं का? तिनं चित्रात हॉलच्या खिडकीखाली लांबलचक बाक काढला. वरून बसायचं, आणि फळी उचलली की आत पाण्याच्या टाक्या. बाहेरून काही दिसायचं नाही. दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेल्या गावातलं मिनिमल पाण्यापासून सुरू होतं, असं ती म्हणाली. मी त्या दिवशी तिला काहीच बोललो नाही, आणि ही माझ्याकडून मोठी शाबासकी होती.

तिच्या आईची हरकत एकच होती: महालक्ष्म्या.

आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या आहेत, पुण्याकडे गौरी म्हणतात त्या. भाद्रपदात दोघी बहिणी तीन दिवस येतात. माहेराला आलेल्या लेकींसारखं त्यांचं करायचं असतं. पितळी मुखवटे, पत्र्याच्या कोठ्यांवर बसवायचे, साड्या नेसवायच्या, पुढं आरास मांडायची. मी थोरला म्हणून त्यांची पेटी आमच्याकडे. आणि मराठवाड्यात आरास म्हणजे घरात असेल ते सगळं. आमची मान हलवणारी बाहुली, गुलाब, हत्ती, डबे, इतकंच काय माझी सन्मानचिन्हंसुद्धा त्या तीन दिवसांत पायऱ्यांवर चढून बसायची. बायकोनं जमवलेल्या निम्म्या पसाऱ्याचं कारण "आराशीला लागतंय" हेच होतं.

"ह्या दवाखान्यात महालक्ष्म्या कुठं बसवायच्या गं?" तिनं विचारलं. घर तेव्हा नुसतं विटांचं होतं.

मुलगी तिला हॉलमधल्या लांब भिंतीपाशी घेऊन गेली. "ही भिंत मोकळी कामून ठेवली मग? तीन दिवस काय भरायचं ते भर, मी एक शब्द बोलणार नाही. माळांसाठी खाली दोन प्लग पण काढलेत. पण चौथ्या दिवशी मला परत माझी भिंत पाहिजे." बायको त्या प्लगच्या जागेकडे बघत राहिली आणि मग इतकी खूश झाली, की परतीच्या रस्त्यावर नांदेड येईपर्यंत आराशीबद्दलच बोलत होती.

आषाढात मुलीचा फोन आला, थोडा ताप आहे, दोन दिवसांत फरशी बघायला येते. डेंग्यू होता. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा ती बोलत होती. फरशी घोटणाऱ्याला सांगा, आरशासारखी चमकवू नको, हेही तिनं मला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिशीची होती. याच्यापुढं मला लिहिता येत नाही. पानंच्या पानं लिहून पाहिली आणि फाडली.

वर्षभर सण नव्हता. बांधकाम तसंच पडून होतं, खिडक्यांना प्लास्टिक बांधलेलं. "कुणासाठी पुरं करायचं आता?" असं बायको एकदाच म्हणाली. मुलीनं काढलेली घराची चित्रं माझ्या फोनमध्ये होती, आणि अर्धवट सोडलेलं गणित मला सहन होत नाही, एवढंच. मी नांदेडहून दर आठवड्याला एसटीनं जाऊन बसायचो. सुतार चांगला होता बिचारा. "सर, मुठी लावून घ्या. मॅडमचं ठीक होतं, पण तुम्हाला म्हातारपणी धरायला लागतंय," असं तो काळजीनं म्हणाला, आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या बांधकामावरचे लोक बघायला आले. मूठ एकाही दाराला लागली नाही. फरशी घोटली, चमकवली नाही. वर्षश्राद्ध झालं आणि श्रावणात आम्ही तिथं राहायला गेलो.

खरी भीती मला नांदेडचं घर आवरताना वाटली. बायको एकेक वस्तू उचलायची आणि दारात उभा असेल त्याला द्यायची. डबे भांडेवालीला, घड्याळं इस्त्रीवाल्याला, शोकेस वरच्या भाडेकरूंना, आतल्या बाहुलीसकट. हंडे मोडीत. कुणी "वहिनी, हे तरी राहू द्या," म्हटलं तर म्हणायची, "काय करायचंय? न्या." जिनं जन्मात बरणी टाकली नाही, तिचा हात आता कुठंच अडत नव्हता. तिला थांबवायला पाहिजे हे दिसत होतं, पण काय सांगून थांबवायचं? मुलीला हेच तर हवं होतं ना? टेम्पोत शेवटी दोन गाद्या, चार भांडी, माझी पुस्तकं आणि महालक्ष्म्यांची कोठ्यांसकट पेटी एवढंच चढलं. टेम्पोवाला म्हणाला, "बस्स? मोठी गाडी उगंच आणली."

लातुरात लोक बघायला यायला लागले आणि घर त्यांना फार आवडलं. "सर, काय सुंदर ठेवलंय! एक वस्तू जास्तीची नाही." गल्लीतल्या आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीनं तर फोटो काढायला परवानगी मागितली. मी दिली, काय करणार? माझ्या मुलीनं घर मोकळं आखलं होतं, त्यात माणसं येतील-जातील, पाय पसरतील म्हणून. आम्ही दोघं त्यात जे करत होतो त्याला मोकळं म्हणत नाहीत, ओसाड म्हणतात. पण फोटोत दोन्ही सारखंच येतं. बायको दिवसदिवस खिडकीखालच्या बाकावर बसायची, भिंतीला पाठ न टेकता, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी. चहाचा कप धुऊन, पुसून, कपाटात ठेवून यायची आणि परत तिथंच बसायची.

भाद्रपद जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "पेटी जळकोटला देऊन टाका."

आमच्याकडे महालक्ष्म्या एकदा दुसऱ्याच्या घरी दिल्या की परत आणत नाहीत. ज्या घरात त्या बसल्या ते त्यांचं माहेर. हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी म्हणालो, थोडं थांबू, घाई कशाला. ती म्हणाली, "माझी लेक गेली. आता पितळेच्या लेकी कुणासाठी नटवू? माझ्याच्यानं होत न्हाई, आवं. तुम्ही मास्तर हाव, तुम्हाला कळंना का?"

मी काही देवाधर्माचा माणूस नाही. मुखवटे पितळेचेच आहेत हे मला माहीत आहे. पण त्या घरात बाहेरून येणारं आता तेवढंच उरलं होतं. ते गेलं, की ही त्या बाकावरून परत उठणार नाही, अशी धास्ती मला बसली होती. तरी मी भावाला फोन केला. तिला नाही कसं म्हणू?

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी भावजय एकटीच आली, हातात मोठ्या पिशव्या. वयानं लहान, पण बोलायला कुणाला न ऐकणारी. बायकोशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "आक्का, तुम्ही देताव म्हनल्यावर मी नेते. माझं काय, मला पुण्यच लागंल. पण मागचं वरीस सुटलंय आणि घर नवं हाय. नव्या घरातून न बसवता कशा न्यायच्या? यंदा हितं बसवू. तिसऱ्या दिवशी तुमचे दीर गाडी घेऊन येतेत, मग पेटी नेतो."

"तुम्हीच करा मग. मी हात लावणार न्हाई."

"नका लावू. मी करते की सगळं."

तिनं देवीवर टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा घरून करून आणला होता, सोळा भाज्या निवडल्या, पुरणाची डाळ काढली. फक्त आराशीला लागली तेव्हा तिची पंचाईत झाली. पांढरी दारं दाबत ती घरभर फिरली आणि मधेच थांबून हळूच मला म्हणाली, "दादा, एक हत्तीबी ठेवला न्हाई का ओ आक्कांनी?" मी मान हलवली.

महालक्ष्म्या घरात आणायची आमची एक रीत आहे. मुखवटे तुळशीपासून आत आणतात. दारापासून कुंकवाची पावलं उमटवत यायचं, मागं कुणीतरी ताट वाजवायचं. आणि थेट जागेवर बसवायचं नाही. आधी आलेल्या लेकीला सगळं घर दाखवायचं. एकीनं प्रत्येक खोलीत विचारायचं, इथं काय आहे? घरच्या थोरल्या सुनेनं सांगायचं, धान्याची रास आहे, दूधदुभतं आहे, सोनंनाणं आहे. असो नसो, आहे म्हणायचं.

तुळशीपाशी भावजयीनं एक मुखवटा उचलला आणि दुसऱ्याकडे बघितलं. "आक्का, दोन्ही मी एकटीनं कसे धरू? पडले तर? एवढा एक धरा, आत नेऊन ठेवा, मग बसा तुमच्या जागी."

बायको उठून आली. पदरात मुखवटा घेतला, बघायचं टाळून. ताट आणि पळी माझ्या हातात होती. आमच्या घरात हे काम मुलीचं असायचं, ती शेजारच्यांना ऐकू जाईल असं बडवायची. मी वाजवायला लागलो.

"कोण आली?" भावजयीनं उंबऱ्याशी विचारलं.

बायकोनं मुखवट्यावर पदर ओढला.

"आक्का, बोलावं लागतंय. कोण आली?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलांनी आली."

आवाज कोरडा होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या, मी मागं. "हितं काय हाय?" भावजयीनं विचारलं. समोर काहीच नव्हतं. डबे नाहीत, बरण्या नाहीत, नुसती पांढरी बंद दारं. अन्नधान्याची रास आहे, एवढंच बोलायचं होतं. बायको दारांकडे बघत उभी राहिली. मग तिनं कोपरानं एक दार दाबलं. ते उघडलं. तिनं पदरातला मुखवटा वर केला, कपाटाकडे तोंड करून धरला, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"हे बघ," ती म्हणाली. "मूठ न्हाई. दाबलं की उघडतंय. तू म्हनलीस तसंच केलंय. सुतार लावतो म्हनत होता, पप्पा लई वरडले त्याला."

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात थांबला होता. तिनं मानेनंच खूण केली, वाजवा. मी वाजवत राहिलो.

यानंतर भावजयीला विचारावं लागलं नाही. बायकोच पुढं झाली. हॉलमध्ये तिनं बाकाची फळी उचलून दाखवली. "ह्यात पाणी हाय. बाहेरून कळत न्हाई. काल नळ आलता, भरून ठेवलंय." फरशीवरून पाय फिरवला. "चमकवू दिली न्हाई. काका हसतेत तुझे, हसू दे. उन्हाळ्यात गार लागंल." लांब भिंतीपाशी वाकून तिनं मुखवटा खाली नेला, पार प्लगपर्यंत. "हे बघ, दोन्हीबी चालू हायेत." कपाळाचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. ती इतकं सलग बोललेली मी वर्षभरात ऐकली नव्हती.

शेवटची खोली मागची. चित्रात त्या खोलीवर काही लिहिलेलं नव्हतं, पण ती कुणाची हे तिघांनाही ठाऊक होतं. पूर्वेची खिडकी, तिच्याखाली लिहायला एक फळी, बस्स. आम्ही त्या खोलीत झाडायलाच तेवढे जायचो. दाराशी भावजय थांबली. तिच्या तोंडून रीतीनं "हितं काय..." एवढं निघालं आणि तिनं जीभ चावली.

बायको आत गेली. चारी भिंतींना मुखवटा दाखवला, सावकाश, एकेका भिंतीपाशी थांबून. मग खिडकीशी उभी राहून त्या पितळी तोंडावरून तिनं अंगठा फिरवला.

"ही तुझी. सगळं झालंय बघ. काही ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "आवडलं का?"

ताट माझ्या हातातून सुटलं. शहाबादी फरशीवर ते कितीतरी वेळ गिरक्या घेत वाजत राहिलं. मी दाराची चौकट धरून रडलो, वर्षभर रडलो नव्हतो तसा, मोठ्यानं, धाकट्या भावजयीसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आमची मुलगी हे घर पुरं झालेलं न बघता गेली होती. ती गेली, त्याच्याइतकंच हेही माझ्या छातीत रुतून बसलं होतं, आणि ते तिच्या आईच्याही छातीत होतं, हे आम्ही एकमेकांना एकदाही बोललो नव्हतो.

महालक्ष्म्या बसल्या. आरास नव्हतीच. पांढऱ्या भिंतीपुढं दोन साड्या, दोन तोंडं, फुलोरा आणि समया. हळदीकुंकवाला आलेल्या बायका इकडंतिकडं बघायच्या आणि काय बोलावं ते न सुचून "छान साधं केलंय" म्हणायच्या. बायको त्यांना पाणी द्यायची, बसा म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य तिनं वाढला. तिसऱ्या दिवशी दहीभात झाला, निरोपाच्या अक्षता टाकून मुखवटे हलवले. भावजयीनं ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवले, साड्यांच्या घड्या वर ठेवल्या, कडी लावली. भाऊ गाडी घेऊन आला होता. बोलल्याप्रमाणे त्यानं पेटी उचलून उंबऱ्यापर्यंत नेली.

"भावजी, ठेवा खाली," बायको म्हणाली.

भाऊ थांबला.

"हे पुरं झालेलं घर तिनं एकदाच बघितलंय," बायको म्हणाली. "परत बघायला यायचं तिला. हितंच राहू द्या."

भावानं माझ्याकडे बघितलं. "दादा, काय करू?" मी पुढं होऊन पेटीची दुसरी कडी धरली आणि आम्ही दोघं ती उचलून मागच्या खोलीत घेऊन गेलो. कुठं ठेवू, असं भावानं विचारलं. मी म्हणालो, ठेव कुठंही. त्या खोलीत जागाच जागा होती.